वायर लाखाची, कान साठीचा

निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेली असतात. मुलगी पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीला लागलेली, घराचं कर्ज फिटलेलं. अशा वेळी नागपुरातल्या एखाद्या गृहस्थाला तिशीत राहून गेलेली हौस आठवते. एक चांगला अ‍ॅम्प्लिफायर, दोन उभे स्पीकर, जमलं तर रेकॉर्ड प्लेअर, आणि हॉलमधल्या सोफ्यावर निवांत बसून वसंतराव, भीमसेन, कुमार गंधर्व. हौस उत्तम आहे. रक्तदाबाची गोळी सुरू असलेल्या माणसाने संध्याकाळी तासभर टीव्हीवरच्या भांडणांऐवजी गाणं ऐकलं तर कोणताही डॉक्टर खूषच होईल.

अडचण वायरपाशी येते. अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणारी तांब्याची दोन पदरी वायर बर्डीवरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात शंभर-सव्वाशे रुपये मीटरने मिळते. तेच काम करणारी दुसरी वायर ऑडिओच्या खास दुकानात मखमली अस्तराच्या खोक्यात ठेवलेली असते. तिला जाड काळी जाळीदार खोळ असते, टोकांना सोन्याचा मुलामा असतो आणि किंमत हजारांत असते, कधी लाखांतही. विक्रेता सांगतो की, हिच्यामुळे तंबोरा मोकळा होतो, डग्गा खोल जातो, गायकाच्या मागची शांतता अधिक गडद होते. गृहस्थ डोळे मिटून ऐकतो, आणि त्याला खरोखर तसं ऐकू येतं.

यातल्या 'खरोखर' या शब्दावर कोणी हसू नये. दवाखान्यात पेशंट 'कालच्या गोळीने बरं वाटलं' असं सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला बरं वाटलेलंच असतं. ते गोळीतल्या औषधाने वाटलं, की गोळी घेतली या जाणिवेने, की दुखणं तसंही उतरणारच होतं म्हणून, एवढाच प्रश्न असतो. हा प्रश्न सोडवायला वैद्यकाला काही शतकं लागली. वायरीचा प्रश्न त्याच जातीचा आहे, फक्त इथे बिल जास्त येतं.

आधी वायरीकडे पाहू. तिचं काम वीज पोचवणं. पोचवताना तांबं थोडा अडथळा करतं, त्याला रोध म्हणतात आणि तो मोजता येतो. इलेक्ट्रिशियन जिला 'अडीच एमएम' म्हणतो ती, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची वायर घ्या. अ‍ॅम्प्लिफायर ते स्पीकर अंतर पाच मीटर धरा. वीज जाते आणि परत येते, म्हणून तांबं दहा मीटर. त्याचा रोध होतो सुमारे ०.०७ ओहम. स्पीकरचा स्वतःचा साधारण ८ ओहम असतो. म्हणजे वायरीने खाल्लेला वाटा शंभरात एकाहूनही कमी. आवाजाच्या भाषेत ही घट ०.०७ डेसिबल. आवाज कमी-जास्त झाल्याचं माणसाच्या कानाला कळायला साधारण एक डेसिबलचा फरक लागतो. खोली शांत आणि कान सरावाचा असेल तर अर्धा पुरतो. ही घट त्या अर्ध्याचाही सातवा हिस्सा आहे.

चांदी तांब्यापेक्षा पाच-सात टक्क्यांनी सरस वाहक आहे. तांब्याची वायर तेवढीच जरा जाड घेतली की हिशेब बरोबरीचा. सोनं तर वीज वाहण्यात तांब्याच्या मागे आहे. त्याचा गुण एवढाच की ते गंजत नाही, म्हणून टोकांना मुलामा देतात. तो दिलेला बराच, पण त्यासाठी लाख मोजायचं कारण नाही. काही वायरींवर बाण छापलेला असतो आणि वीज त्याच दिशेने जाऊ द्यावी असं सांगतात. स्पीकरकडे जाणारा विजेचा प्रवाह मात्र सेकंदाला शेकडो-हजारो वेळा उलटसुलट फिरत असतो. त्याला बाण दाखवणं म्हणजे झोपाळ्यावर 'एकेरी मार्ग' अशी पाटी लावणं.

नागपूरकर इथे एक रास्त शंका काढील. उन्हाळ्याचं काय? तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. पंचवीस अंशांवरून पारा नवतपात पंचेचाळीसवर गेला तर रोध आठ टक्क्यांनी वाढेल. म्हणजे ०.०७ चे ०.०७५ होतील. माणूस वितळेल, पण गाणं तसंच राहील.

भिंतीतल्या प्लगपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंतच्या पॉवर केबलची गोष्ट याहून मजेची आहे. हीसुद्धा दीड मीटरला पन्नास हजार, लाख अशा भावाने विकली जाते. वीज येते कुठून? कोराडी, खापरखेडा अशा केंद्रांतून ग्रिडमध्ये, पोलादी गाभ्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारांवरून मैलोन्मैल, मग उपकेंद्र, मग गल्लीतला ट्रान्सफॉर्मर, मग खांबावरून मीटरपर्यंत आलेली सर्व्हिस वायर, मग बिल्डरने भिंतीत टाकलेली, कोणत्या कंपनीची ते देव जाणे. एवढा प्रवास करून आलेली वीज शेवटच्या दीड मीटरमध्ये शुद्ध होते असं मानायचं! आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात शिरल्यावर पहिलं काम होतं ते हीच वीज ट्रान्सफॉर्मरमधून नेऊन, एकदिश करून, मोठ्या कपॅसिटरांत साठवण्याचं. केबलने काही संस्कार केलेच असतील तर ते इथे पुसले जातात.

याच प्लगपाशी एक गोष्ट मात्र जिवाशी गाठ घालणारी आहे. दोन उपकरणं वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ केलेली असली की स्पीकरमधून कधी कधी बारीक घुंई ऐकू येते. ती घालवायला काही हौशी लोक प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकतात किंवा दोन पिनांचं अ‍ॅडॉप्टर लावतात. घुंई जाते, हे खरं. पण उद्या आत कुठे वायर सुटून धातूच्या खोक्याला लागली तर तो करंट जमिनीत न जाता हात लावणाऱ्याच्या छातीतून जाईल. कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात, आणि अर्थिंग नसणं किंवा नावापुरतं असणं हे त्यामागचं नेहमीचं कारण. सर्व उपकरणं एकाच बोर्डवर जोडली तर घुंई बहुधा आपोआप कमी होते. तिसरी पिन जागेवर राहू द्यावी.

वायरीने कधीच काही फरक पडत नाही, असंही नाही. दारावरच्या घंटीला वापरतात तसली केसासारखी बारीक वायर पाच मीटर ओढली तर घट एक डेसिबलच्या जवळ जाते. शिवाय स्पीकरचा रोध सगळ्या सुरांना सारखा नसतो, त्यामुळे ही घट काही सुरांत जास्त, काहींत कमी होते आणि आवाजाचा रंग थोडा बदलू शकतो. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईतून निघणारा संदेश अगदी क्षीण, काही मिलिव्होल्टचा असतो. त्याची वायर नीट वेष्टनाची आणि आखूडच हवी. दोनपैकी एका स्पीकरची लाल-काळी टोकं उलट जोडली गेली तर दोन्ही स्पीकर एकमेकांचा खर्ज खातात आणि महागडा संच खोक्यातल्या रेडिओसारखा वाजतो. टोकांवर हिरवा गंज चढला असेल तर तो पॉलिशपेपरने काढावा. हे सारे फरक कानालाही कळतात आणि मीटरवरही दिसतात. सगळ्यांचा खर्च मिळून एका सिनेमाच्या तिकिटाएवढाही नाही.

यावर जाणकार रसिक म्हणतो, 'तुमचं मीटर राहू द्या. आमचा कान तयार आहे. जे यंत्राला कळत नाही ते आम्हाला कळतं.' हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. हिंदुस्थानी संगीत ऐकून तयार झालेला कान खरंच सूक्ष्म असतो. तंबोरा जुळवताना घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा एक धागा असतो. तो केसभर सरकवला की तार गुणगुणू लागते, जवारी खुलते. धाग्याची किंमत शून्य आणि फरक जमीन-अस्मानाचा.

या जवारीचा शास्त्रीय उलगडा ज्याने केला त्या माणसाचा नागपूरशी छोटासा संबंध आहे. १९१० च्या सुमाराला सरकारच्या वित्त खात्यातला एक विशी-बाविशीतला अधिकारी रंगूनहून बदलून नागपूरला आला आणि पुढल्याच वर्षी कलकत्त्याला परत गेला. नोकरी हिशेबांची, पण डोक्यात तारांची कंपनं. त्याचं नाव चंद्रशेखर वेंकट रामन. १९३० चं नोबेल त्यांना प्रकाशावरच्या संशोधनासाठी मिळालं, पण त्याआधीची कित्येक वर्षं त्यांनी वाद्यांना दिली होती. १९२१ साली त्यांनी तंबोरा आणि वीणा यांच्यावर निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूवर स्थिर राहणारे उपस्वर त्या छेडण्यातून उमटू नयेत, असा जुना नियम. तंबोरा तो नियम मोडतो, कारण त्याच्या घोडीचा माथा धारदार नसून पसरट, किंचित वक्र असतो आणि थरथरणारी तार त्याला सतत टेकत-सुटत राहते. गवयाच्या कानाने शतकानुशतकं ओळखलेली गोष्ट अशी प्रयोगशाळेतही सापडली.

म्हणजे कानाने खरा फरक पकडला असेल तर तो यंत्राला दाखवता येतो. आजची यंत्रं तर कानाला मुळीच न जाणवणारे फरकही टिपतात. पुरेशी जाड साधी वायर आणि लाखाची वायर यांच्यात ऐकू येण्याजोगं काही या यंत्रांना सापडत नाही. तरी वाद नको म्हणून मीटर बाजूला ठेवू आणि फक्त कानालाच विचारू. एकच अट. कानाने ऐकायचं, डोळ्यांनी नाही.

ही अट वैद्यकातून आली आहे. १७८४ साली पॅरिसमध्ये मेस्मरच्या 'प्राणिज चुंबकत्वा'चं वेड होतं. वैद्य हात फिरवून झाडालाही ही शक्ती देई आणि त्या झाडाला स्पर्श करताच रोग्यांना झटके येत. राजाने नेमलेल्या चौकशी समितीत बेंजामिन फ्रँकलिन होते. त्यांच्या पासी इथल्या बागेत एका जर्दाळूच्या झाडाला अशी शक्ती दिली गेली. मग बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्याला एकामागून एक झाडांपाशी नेण्यात आलं. पहिल्याच झाडापाशी त्याला घाम फुटला, चौथ्यापाशी तो बेशुद्ध पडला. शक्ती दिलेलं झाड तिथून चोवीस फूट दूर होतं. मुलाची मूर्च्छा खरी होती. ती झाडाने आणलेली नव्हती.

किंमत हीसुद्धा अशीच शक्ती आहे. २००८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. ८२ निरोगी माणसांना मनगटावर विजेचे हलके झटके देऊन वेदना मोजल्या, मग 'नवी वेदनाशामक गोळी' दिली. गोळीत औषध नव्हतंच. निम्म्यांना सांगितलं, गोळीची किंमत अडीच डॉलर. उरलेल्यांना सांगितलं, किंमत कमी करून दहा सेंट केली आहे. महाग गोळीने ८५ टक्के लोकांच्या वेदना कमी झाल्या, स्वस्त गोळीने ६१ टक्के लोकांच्या. एकाच कारखान्याच्या दोन नावांच्या गोळ्यांपैकी स्वस्त जेनेरिक 'लागू पडत नाही' असं सांगणाऱ्या पेशंटांची बाजू समजून घ्यायला हा प्रयोग फार उपयोगी आहे.

संगीताच्या दुनियेतही हे करून पाहिलं आहे. २०१० साली इंडियानापोलिसच्या व्हायोलिन स्पर्धेच्या वेळी २१ निष्णात वादकांना एका हॉटेलच्या अंधूक खोलीत काळे चष्मे घालून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन नवी, तीन जुनी आणि अनमोल. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियस होती. लाकडाचा जुना वास ओळखता येऊ नये म्हणून हनुवटी टेकते तिथे अत्तर लावलं होतं. यातलं कोणतं घरी न्यायला आवडेल, असं विचारल्यावर १३ जणांनी नवं निवडलं, आणि सगळ्यांत नावडतं ठरलं ते एक स्ट्रॅडिव्हेरियस. यापेक्षा तयार कान कुठून आणायचे?

खुद्द वायरींची अशी परीक्षा 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकी मासिकाने १९८३ सालीच घेतली होती. बारीक वायर ओळखू आली, कारण तिने आवाज दबला होता. साधी जाड वायर आणि महागडी वायर यांच्यात, आवाजाची पातळी सारखी केल्यावर, फरक हाती लागला नाही. २००७ साली जेम्स रँडी या जादूगाराने जाहीर केलं की, ७२५० डॉलरला मिळणारी बारा फुटी केबलजोडी न पाहता साध्या केबलपासून वेगळी ओळखणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ. एक नामवंत समीक्षक तयारही झाला. पुढे केबलची कंपनी मागे हटली, अटींवरून वाद झाले आणि परीक्षा झालीच नाही. रँडींचे चाहते ही गोष्ट विजयासारखी सांगतात, ते बरोबर नाही. न झालेल्या परीक्षेचा निकाल कोणाच्याच बाजूने मोजता येत नाही.

परीक्षा नीट कशी घ्यावी याचा एक नमुना महाराष्ट्रातच आहे. डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली आणि २००९ साली ती 'करंट सायन्स'मध्ये छापली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या, त्यांना सांकेतिक क्रमांक दिले आणि २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या पाठवून कोणती कोणत्या गटातली ते विचारलं. नाणं उडवून सांगितलं तरी सरासरी निम्मी उत्तरं बरोबर येतातच, म्हणून ४० पैकी किमान २८ बरोबर आली तर दखल घ्यायची असं आधीच ठरवलं होतं. सर्वांत चांगला निकाल २४ आला. सरासरी ४६ टक्के. निकाल कुणाला पटो न पटो, पण उत्तराची खूण विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरही दिसू नये आणि यशाची रेघ आधीच ओढलेली असावी, ही शिस्त कुठल्याही वादाला लावता येते.

हॉलमध्ये बसलेल्या आपल्या गृहस्थालाही ती लावता येईल. दुकानदाराकडून महागडी वायर दोन दिवस घरी आणावी. बहुतेक जण देतात. तेवढ्याच लांबीची अडीच एमएम शेजारी ठेवावी. स्पीकरच्या मागे चादरीचा पडदा बांधावा. ओळखीचं गाणं, त्यातला एकच मिनिटाचा तुकडा, आवाजाच्या बटणाला हात लावायचा नाही. हे फार महत्त्वाचं, कारण दोन आवाजांत अर्ध्या डेसिबलचा फरक असला तर माणसाला तो 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. दुकानातले कित्येक चमत्कार एवढ्यावर चालतात. पडद्यामागे एकाने नाणं उडवून छाप आला तर ही, काटा आला तर ती वायर जोडायची आणि कागदावर लिहायचं. ऐकणाऱ्याशी बोलायचं नाही, खोकायचंही नाही. असं सोळा वेळा. निव्वळ नशिबाने सोळापैकी बारा किंवा जास्त उत्तरं बरोबर येण्याची शक्यता शंभरात चाराहून कमी आहे. बारा आली तर वायर बिनदिक्कत घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सोळा वेळा करून पाहावी. आठ-नऊ आली तर काय समजायचं ते गृहस्थाला ठाऊक आहे, तो बहुधा इंजिनीअर असतो.

एक अडचण उरतेच. वायर बदलायला दोन मिनिटं लागतात आणि आवाजाची नेमकी आठवण मेंदूत काही सेकंदच ताजी असते. मधल्या वेळेत मेंदू रिकाम्या जागा भरतो, आणि भरताना हाताशी जे असेल ते वापरतो. किंमत, खोका, विक्रेत्याचे शब्द. ऐकणं हे कानापेक्षा मेंदूचं काम जास्त आहे. एखाद्याच्या ओठांची हालचाल 'गा'ची दाखवली आणि आवाज 'बा'चा ऐकवला तर बहुतेकांना 'दा' ऐकू येतो. मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड यांनी हे १९७६ साली दाखवलं. फसवणूक आहे हे माहीत असूनही ऐकू येतो तो 'दा'च. मग सोनेरी टोकं पाहून तंबोरा मोकळा झाला तर त्यात लाजण्यासारखं काय आहे?

आता कानाकडे वळू, कारण आवाजाच्या सगळ्या साखळीत बदलता न येणारा भाग तो एकच. आतल्या कानात, वाटाण्याएवढ्या शंखात, सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्यांचे सूक्ष्म केस वाकतात आणि मज्जातंतूला संदेश जातो. जन्मतः मिळालेल्या एवढ्याच. मेलेल्या पेशीच्या जागी माणसात नवी येत नाही. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी सर्वांत उंच सुरांच्या, आणि पहिला मार त्याच खातात. तरुणपणी वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकणारा कान पन्नाशी-साठीत बारा हजारांच्या वर फारसं काही ऐकत नाही. केबलच्या जाहिरातीत वीस हजारांच्याही पलीकडच्या सुरांची महती गायलेली असते, आणि ती विकत घ्यायची ऐपत येते ती याच वयात. घाबरण्यासारखं यात नाही. पियानोची सर्वांत उंच पट्टीसुद्धा ४२०० हर्ट्झच्या आतच आहे. गाणं बरंचसं शाबूत राहतं.

वय थांबवता येत नाही, पण गोंगाटाने होणारं नुकसान टाळता येतं. ते बहुधा चार हजार हर्ट्झच्या आसपास सुरू होतं, तिथे श, स, फ असे उच्चार पुसट होऊ लागतात. 'आवाज येतो, पण शब्द कळत नाही' ही तक्रार तिथून येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तास ऐकला तर चालतो. ९० डेसिबल असेल तर फक्त चार तास. १०० असेल तर वीस मिनिटं. विसर्जनाच्या मिरवणुकीत किंवा लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्या पोराचा आठवड्याचा कोटा एका गाण्यात किंवा दोन गाण्यांत संपतो. त्यानंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर ती केसपेशींची तक्रार असते. रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा कायद्यात २००० सालापासून लिहिलेली आहे. ती कुठे पाळली जाते, हे ज्याने त्याने आपापल्या खिडकीतून ऐकावं.

मधुमेहही कानाच्या बारीक रक्तवाहिन्यांना सोडत नाही. आणि कित्येकदा गृहस्थाला सूर दबके वाटतात ते कानात घट्ट बसलेल्या मळामुळे. तो कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून पाच मिनिटांत काढून घेता येतो. काडी, पिन किंवा चावीने तो आणखी आत ढकलला जातो.

खोलीचंही तसंच. नागपुरातल्या नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये खाली गुळगुळीत टाइल्स, एका बाजूला काच, भिंती उघड्या. आवाज चेंडूसारखा उसळत राहतो. जमिनीवर जाड सतरंजी, काचेवर जाड पडदा, भिंतीशी पुस्तकांचं कपाट आणि स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे, एवढ्याने होणारा बदल अनेक डेसिबलचा असतो आणि तो ऐकायला डोळे बांधावे लागत नाहीत. मार्चपासून जूनपर्यंत मात्र या सगळ्यावर कूलर बोलतो. ताट्यांतून पाणी ठिबकवत घोंघावणारा कूलर साधारण ६० डेसिबलच्या घरात असतो, आणि ख्यालाची सुरुवातीची हलकी आलापी त्याच्याखाली सहज गडप होते. लाखाच्या वायरीला त्याच्यापुढे उपाय नाही. पहाटे पाचला तो अर्धा तास बंद ठेवला तर साध्या वायरीवरही तंबोऱ्याची जवारी ऐकू येते.

वायरीवर खर्च करण्याआधी साठीच्या गृहस्थाने एकदा श्रवणचाचणी करून घ्यावी. मेडिकल किंवा मेयोच्या कान-नाक-घसा विभागात ती होते. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसायचं, हातात एक बटण. २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर हळूहळू बारीक करत ऐकवले जातात आणि आवाज आला की बटण दाबायचं. तंत्रज्ञ काय करतो ते पेशंटला दिसू नये अशी व्यवस्था असते, आणि सूर ठरावीक अंतराने दिले जात नाहीत. मध्येच तंत्रज्ञ मुद्दाम काही सेकंद काहीच वाजवत नाही. काही जण तेव्हाही बटण दाबतात, आणि बाहेर आल्यावर शपथेवर सांगतात की आवाज आला होता.